कोटाच्या काजातून आभाळाकडे

साल १८९३. नॉर्वेची राजधानी ओस्लो, पण तेव्हा तिचं नाव क्रिस्तियानिया. शहराच्या मधोमध जाणाऱ्या कार्ल योहान रस्त्यावर बड्या लोकांची वर्दळ असे. त्या गर्दीत अठरा-एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी फेऱ्या मारायचा. समोरून कुणी ओळखीचं आलं की तो अदबीने अभिवादन करायचा, समोरचा माणूस हसायचा, आणि नेमक्या त्या क्षणी मुलाचा खिशातला हात एक दोरी ओढायचा.

दोरीचं दुसरं टोक त्याच्या वेस्टकोटाखाली दडवलेल्या चपट्या, गोल कॅमेऱ्याला बांधलेलं होतं. कॅमेऱ्याचं भिंग काजातून बाहेर डोकावायचं. लांबून पाहणाऱ्याला ते बटणच वाटे. आतल्या काचेवर सहा फोटो मावत. सहा झाले की घरी जायचं, काच बदलायची आणि पुन्हा रस्त्यावर. असे सुमारे पाचशे फोटो त्याने काढले. त्यांत नाटककार हेन्रिक इब्सेनही सापडला. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जाऊन ताठ बसायचं. या मुलाच्या फोटोंतली माणसं मात्र चालतात, हसतात, बेसावध असतात.

मुलाचं नाव कार्ल स्टर्मर. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला आणि त्याने कॅमेरा रस्त्यावरून आभाळाकडे वळवला. उत्तरेकडच्या आकाशात रात्री हलणारे हिरवे-लाल पडदे, म्हणजे अरोरा, त्याने हजारो वेळा टिपले. या फोटोंतून त्याला आधी एक आकडा हवा होता : हे पडदे जमिनीपासून किती उंचावर टांगलेले असतात?

आज अरोराचा फोटो फोनवरही निघतो. मे २०२४ मधल्या सौरवादळाच्या रात्री जगभरातून इतके फोटो आले की आपली टाइमलाइन गुलाबी झाली होती. पण फोटो आणि मोजमाप यांच्यात अंतर असतं. ते अंतर माणसांनी कसं कापलं, त्याची ही गोष्ट. तिच्यात एक धडा वारंवार समोर येतो : एकट्या फोटोची साक्ष कच्ची असते. त्याला दुसरा साक्षीदार लागतो.

दोन डोळे

हात लांब करून अंगठा समोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा इकडेतिकडे सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जितका जवळ, तितकी ही सरक जास्त. दोन डोळ्यांमधलं अंतर माहीत असेल आणि सरक मोजता आली, तर अंगठा किती लांब आहे ते गणिताने काढता येतं. अरोराची उंची मोजायची कल्पनाही हीच. दोन डोळ्यांच्या जागी दोन गावं, आणि भिंतीच्या जागी तारे.

कल्पना जुनीच होती. १७९० मध्ये इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी केलेली वर्णनं एकत्र करून उंची काढली होती : सुमारे ८० ते ११५ किलोमीटर. आज बघता तो अंदाज बराच बरोबर होता. पण तेव्हा तो अनेक अंदाजांपैकी एक होता. अरोरा डोंगराच्या माथ्याला टेकतो असं शपथेवर सांगणारे होते, तो हजार किलोमीटरवर असतो म्हणणारेही होते. यात चूक कुणाच्या हुशारीची नव्हती. पडदा सतत हलतो, त्याला ठळक कडा नसते, आणि दोन गावांतली दोन माणसं एकाच क्षणी पडद्याच्या एकाच घडीकडे बघताहेत याची खात्री कोण देणार?

१८८२-८३ च्या हिवाळ्यात सोफुस ट्रोमहोल्ट नावाचा डॅनिश शिक्षक नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, काउटोकेनो या सामी लोकांच्या गावात जाऊन राहिला. बोसेकोप इथल्या निरीक्षकांशी मेळ घालून त्याला अरोराची उंची मोजायची होती आणि जमलं तर फोटोही काढायचा होता. फोटो काही आला नाही. त्या काळच्या काचा इतक्या मंद होत्या की अरोराचा प्रकाश त्यांच्यावर उमटतच नसे. मग ट्रोमहोल्टने कॅमेरा गावातल्या माणसांकडे वळवला. त्याने काढलेली सामी स्त्री-पुरुषांची, मुलांची चित्रं आज युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत आहेत. हा आभाळ टिपायला गेला आणि माणसं घेऊन परतला. स्टर्मरचा प्रवास बरोबर उलटा झाला.

१८९२ मध्ये बोसेकोपलाच मार्टिन ब्रेंडेल आणि ओटो बाशिन या जर्मन जोडीला अरोराचा फोटो मिळाला. चित्र धूसर होतं, पण आता काम शक्य आहे हे कळलं.

अरोराकडे स्टर्मर वळला तो फोटोंच्या वाटेने नाही, गणिताच्या वाटेने. १९०३ च्या सुमारास त्याने क्रिस्तियानियात क्रिस्तियान बिर्केलंडचा प्रयोग पाहिला. बिर्केलंडने हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत एक चुंबकीय गोळा टांगला होता, म्हणजे छोटी पृथ्वीच. त्या गोळ्यावर त्याने विद्युतभारित कणांचा झोत सोडला. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची वलयं उमटली. बिर्केलंडचं म्हणणं होतं की अरोरा असाच तयार होतो : सूर्याकडून कण येतात आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं. स्टर्मरने विचारलं, असे कण नेमक्या कोणत्या वाटेने जातील? त्या काळी संगणक नव्हता. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी हजारो तास हाताने आकडेमोड करून कणांच्या वाटा काढल्या. गणित तर झालं, पण ते आभाळाशी ताडून पाहायला आभाळाचे आकडे हवे होते.

म्हणून १९१० मध्ये स्टर्मर बोसेकोपला गेला. त्याने एकमेकांपासून काही किलोमीटरवर दोन ठाणी उभारली आणि त्यांना टेलिफोनने जोडलं. दोन्हीकडे जलद भिंगाचे कॅमेरे. अरोरा उजळला की फोनवर ठरायचं, कोणत्या ताऱ्याच्या रोखाने कॅमेरा धरायचा. मग इशारा, आणि दोन्हीकडे एकाच क्षणी फोटो. घरी आल्यावर दोन काचा शेजारी ठेवायच्या, मागचे तारे ओळखायचे आणि पडदा ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकला ते मोजायचं.

पुढची कित्येक वर्षं हे काम चाललं. ठाणी वाढली, त्यांच्यातलं अंतर वाढलं, मोजमापं हजारोंच्या घरात गेली. उत्तर स्पष्ट होतं : पडद्याची खालची कडा बहुतेक वेळा जमिनीपासून १०० किलोमीटरच्या आसपास असते. डोंगराला टेकणारा अरोरा हा डोळ्यांचा भास होता. उलट, वरच्या बाजूला सूर्यप्रकाश पोहोचतो तिथले काही किरण हजार किलोमीटरपर्यंत गेलेले त्याला आढळले.

हा आकडा मिळाल्यावर अरोरा वातावरण मोजायची पट्टी झाला. त्या काळी १०० किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवता येईल असं कोणतंही उपकरण नव्हतं. रॉकेट तिथवर जायला अजून तीसहून अधिक वर्षं होती. पण तिथे हवा आहे, आणि ती कणांना अडवण्याइतकी दाट आहे, हे स्टर्मरच्या काचा सांगत होत्या.

पुढचा भाग रंगांनी सांगितला. अरोराचा हिरवा रंग कशाचा, हे कोडं १८६०च्या दशकापासून पडलेलं होतं. १९२५ मध्ये टोरांटोच्या मॅकलेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत तोच हिरवा प्रकाश ऑक्सिजनच्या अणूंपासून मिळवला. वरचा गडद लालही ऑक्सिजनचाच. मग एकाच अणूचे दोन रंग का? धक्का बसलेला ऑक्सिजनचा अणू हिरवा प्रकाश सोडायला पाऊणएक सेकंद घेतो, लाल सोडायला मात्र जवळजवळ दोन मिनिटं. खाली, १०० किलोमीटरवर, हवेत गर्दी इतकी की दोन मिनिटं निवांत मिळतच नाहीत. दुसरा कुणीतरी येऊन आदळतो आणि ऊर्जा काढून घेतो. म्हणून लाल दिसतो तो २०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा विरळ आहे. थोडक्यात, फोटोतला रंग बघून उंचीचा आणि हवेच्या दाटीचा अंदाज बांधता येतो.

शंभर डोळे

दोन ठाण्यांनी उंची मिळाली. पण एका ठाण्यावरून आकाशाचा फार तर हजारभर किलोमीटरचा तुकडा दिसतो. अख्ख्या पृथ्वीभोवती अरोरा कसा पसरलेला असतो, हे कसं कळणार?

एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या आणि गावोगावच्या नोंदी जमवून नकाशे काढले गेले होते. त्यांत अरोरा सर्वांत जास्त वेळा दिसतो तो पट्टा ध्रुवाभोवती, साधारण गोल असा काढलेला असे. हळूहळू लोक त्या पट्ट्यालाच अरोरा समजू लागले. हे म्हणजे एखाद्या चौकात गर्दी जास्त असते म्हणून सगळं शहर सतत त्याच चौकात उभं आहे असं समजण्यासारखं होतं.

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हा काळ ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष’ म्हणून पाळला गेला. शीतयुद्ध ऐन भरात होतं, तरी अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही त्यात होते. ध्रुवीय प्रदेशांत शंभराहून अधिक ‘सर्वाकाश’ कॅमेरे बसवले गेले. यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांची रचना साधी होती : जमिनीवर एक फुगीर आरसा, त्याच्यावर कॅमेरा. आरशात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं आकाश एका गोल ताटात मावतं. अंधार पडला की मिनिटाला एक फोटो या गतीने फिल्म चालू. अलास्का, कॅनडा, सायबेरिया, अंटार्क्टिका... मैलोन्‌मैल फिल्म जमा झाली.

या फिल्मच्या ढिगात दोन माणसं शिरली. एक सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव फेल्डस्टाइन. त्याने प्रत्येक क्षणी अरोरा कुठे होता ते मांडलं आणि त्याला दिसलं की तो ध्रुवाभोवतीचा गोल पट्टा नाहीच. ते एका बाजूला कललेलं वलय आहे : मध्यरात्रीच्या बाजूला ध्रुवापासून लांब, दुपारच्या बाजूला ध्रुवाच्या जवळ. वलय सूर्याच्या संदर्भात जागच्या जागी राहतं आणि पृथ्वी त्याच्याखाली फिरते. सुरुवातीला बऱ्याच जणांना हे पटलं नाही. वर्षानुवर्षं नकाशात पाहिलेला पट्टा एका रात्रीत पुसायला कुणी तयार नसतं.

दुसरा, जपानहून अलास्कात शिकायला आलेला स्युन-इची अकासोफू. त्याने एकाच वेळी अनेक ठाण्यांवर टिपलेल्या फिल्म शेजारी शेजारी लावून बघितल्या. आधी प्रत्येक निरीक्षकाला वाटायचं की आपल्या गावचा अरोरा मनाला येईल तसा वागतो. कुठे शांत कमानी, कुठे नाच, कुठे नुसते विझत चाललेले ठिपके. अकासोफूला दिसलं की ही सगळी एकाच नाटकाची वेगवेगळी दृश्यं आहेत, फक्त प्रत्येक गावाला आपल्या खिडकीतून एकच दृश्य दिसतं. मध्यरात्रीच्या बाजूची शांत कमान अचानक पेटते, प्रकाश ध्रुवाकडे उसळतो, एक लाट पश्चिमेला धावत जाते, आणि एक ते तीन तासांत सारं निवतं. १९६४ मध्ये त्याने हा क्रम मांडला. त्याला ‘सबस्टॉर्म’, म्हणजे उपवादळ, असं नाव आहे.

उपवादळ आभाळात दिसत असलं तरी घडतं दुसरीकडे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा प्रभाव अवकाशात दूरवर पसरलेला आहे. तेच तिचं चुंबकावरण. सूर्याकडून येणारा कणांचा वारा त्याला दिवसाच्या बाजूने दाबतो आणि रात्रीच्या बाजूला लांब शेपटीसारखा ताणतो. ताणलेल्या शेपटीत ऊर्जा साठत जाते. ती सुटली की कण चुंबकीय रेषांवरून घसरत ध्रुवांकडे येतात आणि हवेवर आदळतात. सिनेमागृहाची कल्पना करा. अरोरा हा पडदा, प्रोजेक्टर आपल्या पाठीमागे लाखभर किलोमीटरवर, अंधारात. पडद्यावरचं चित्र बघून आपल्याला प्रोजेक्टरमध्ये काय चाललंय ते ओळखायचं आहे.

ते ओळखायची गरज निव्वळ कुतूहलाची नाही. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं बंद पाडलं. सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. पडदा त्या रात्री फार दक्षिणेपर्यंत, फ्लोरिडापर्यंत, उजळला होता.

वरून बघणारा डोळा

फेल्डस्टाइनचं वलय खरं की खोटं, याचा सोपा निकाल एकच होता : वर जाऊन बघणं. १९७०च्या दशकात उपग्रहांनी वलयाचे तुकडे टिपले. ऑगस्ट १९८१ मध्ये सुटलेल्या ‘डायनॅमिक्स एक्सप्लोरर १’ या उपग्रहावर लुई फ्रँक यांच्या आयोवा विद्यापीठातल्या गटाने बनवलेले कॅमेरे होते. हा उपग्रह वीस हजार किलोमीटरहून उंच जायचा. तिथून त्याने अतिनील प्रकाशात सबंध वलय एका चौकटीत पकडलं. कललेलं वलय, अगदी फेल्डस्टाइनने फिल्मचे तुकडे जोडून काढलं होतं तसंच. कधीकधी वलयाच्या मधून आरपार एक दांडा गेलेला दिसे. ग्रीक अक्षरासारखं ते चित्र म्हणून त्याचं नाव पडलं ‘थीटा अरोरा’. असं काही असतं हे तोवर जमिनीवरून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण याच फोटोंनी फ्रँकना एका विचित्र वाटेवरही नेलं. चित्रांत मधूनमधून बारीक काळे ठिपके दिसत. १९८६ मध्ये फ्रँक आणि सहकाऱ्यांनी दावा केला की हे घराएवढे छोटे धूमकेतू आहेत. मिनिटाला सुमारे वीस पृथ्वीवर येतात, विरघळतात आणि त्यांच्या पाण्याची वाफ आपला अतिनील प्रकाश अडवते. पृथ्वीवरचे समुद्रही अशाच पाण्याने भरले असतील, असंही ते म्हणाले. शास्त्रज्ञांत खळबळ माजली. दुसरे साक्षीदार शोधले गेले. एवढे धूमकेतू असतील तर चंद्रावर ते सतत आदळायला हवेत. तशा खुणा दिसेनात. १९९६ मध्ये सुटलेल्या ‘पोलर’ उपग्रहावर एकाहून जास्त कॅमेरे होते. फ्रँकना आपल्या नव्या कॅमेऱ्यात ठिपके पुन्हा दिसले. पण त्याच उपग्रहावरचा दुसरा कॅमेरा सांभाळणाऱ्यांनी दाखवून दिलं की तसे ठिपके त्यांच्या कॅमेऱ्यानेही टिपलेत, आणि उड्डाणाआधी प्रयोगशाळेत काढलेल्या चाचणीच्या चित्रांतही ते आहेत. प्रयोगशाळेत धूमकेतू कुठून येणार? बहुतेकांनी तो विषय तिथेच मिटवला. फ्रँक मात्र मागे हटले नाहीत.

अरोराचं अख्खं वलय दाखवणाऱ्या माणसाच्याच हातून ही चूक झाली, म्हणून ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचे डोळे तेच होते, कॅमेरेही उत्तम होते. वलयाला जमिनीवरच्या शंभर कॅमेऱ्यांची साक्ष होती, ठिपक्यांना कुणाचीच नव्हती.

हा धडा गिरवूनच आखावी तशी एक मोहीम पुढे आली. उपवादळ नेमकं सुरू कुठे होतं यावर दोन तट होते. एक म्हणे पृथ्वीजवळच्या भागात, दुसरा म्हणे शेपटीत खूप दूर, जिथे ताणलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात. सगळं घडतं मिनिटा-दोन मिनिटांत. एकटा उपग्रह नेमक्या जागी नसेल तर आधी काय आणि नंतर काय ते सांगताच येत नाही. म्हणून फेब्रुवारी २००७ मध्ये नासाने ‘थेमिस’ या नावाने एकदम पाच उपग्रह सोडले, आणि त्यांच्या जोडीला अलास्का व कॅनडाभर २० जमिनीवरची ठाणी उभी केली. तिथले सर्वाकाश कॅमेरे दर तीन सेकंदांनी एक फोटो काढत.

२६ फेब्रुवारी २००८ च्या उपवादळात हे सगळं जुळून आलं. उपग्रहांच्या नोंदींनुसार सुरुवात झाली ती दूर शेपटीत, चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशावर, रेषांच्या पुनर्जोडणीने. सुमारे दीड मिनिटाने जमिनीवरच्या कॅमेऱ्यांत अरोरा पेटला. पृथ्वीजवळची गडबड त्याच्यानंतरची. वाद पुरता संपला नाही. प्रत्येक उपवादळ असंच सुरू होतं का, यावर चर्चा चालूच राहिली. पण प्रोजेक्टर आणि पडदा यांना एकाच घड्याळावर पकडता येतं, हे त्या रात्रीने दाखवलं.

खिशातला डोळा

मग डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि आभाळाकडे बघणाऱ्यांची संख्या शास्त्रज्ञांच्या हाताबाहेर गेली. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हौशी मंडळींचा एक फेसबुक ग्रुप होता. त्यांच्या फोटोंत वरचेवर जांभळट रंगाची एक अरुंद पट्टी येई, नेहमीच्या अरोराच्या दक्षिणेला, पूर्व-पश्चिम ताणलेली. ते तिला ‘प्रोटॉन आर्क’ म्हणत. कॅल्गरी विद्यापीठाच्या एरिक डोनोव्हनने त्यांना सांगितलं की प्रोटॉनांचा अरोरा असा डोळ्यांना दिसत नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. मग म्हणायचं काय? एका ॲनिमेशन सिनेमात प्राणी समोरच्या अनोळखी कुंपणाला ‘स्टीव्ह’ म्हणतात. तसंच या पट्टीचं नाव पडलं ‘स्टीव्ह’.

आता दुसरा साक्षीदार शोधायचा होता. युरोपीय अवकाश संस्थेचा ‘स्वार्म’ उपग्रह एकदा या पट्टीतून आरपार गेला होता. नोंदी काढल्या तर ३०० किलोमीटर उंचीवर तापमान एकदम सुमारे ३००० अंशांनी चढलेलं, आणि २५ किलोमीटर रुंद वायूचा प्रवाह सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत असलेला. २०१८ मध्ये हा शोधनिबंध आला तेव्हा त्याच्या लेखकांत हौशी छायाचित्रकारांचीही नावं होती. उपग्रहांनी ही पट्टी त्याआधीही ओलांडली असणार, पण फोटो नसल्यामुळे त्या आकड्यांकडे थांबून कुणी पाहिलं नव्हतं. फोटोंना आकड्यांची गरज होती, तशी आकड्यांनाही फोटोंची.

फिनलंडमधली गोष्ट तर थेट स्टर्मरची आठवण करून देते. हेलसिंकी विद्यापीठाच्या मिना पाल्मरोत हौशी लोकांच्या मदतीने अरोराचे आकार ओळखायचं पुस्तक तयार करत होत्या. त्या ग्रुपमध्ये एक आकार कुठल्याच वर्गात बसेना : वाळूच्या टेकड्यांसारख्या, समान अंतराने पडलेल्या हिरव्या लाटा. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या पुन्हा दिसल्या. ग्रुपवर निरोप गेला आणि वेगवेगळ्या गावांतून लोकांनी एकाच वेळी फोटो काढले. पाल्मरोत यांच्या गटाने दोन गावांचे फोटो घेतले, मागचे तारे ओळखले, लाटा ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकल्या ते मोजलं. उंची निघाली सुमारे १०० किलोमीटर, लाटांमधलं अंतर सुमारे ४५ किलोमीटर. टेलिफोनच्या जागी मेसेंजर, काचेच्या जागी सेन्सर. बाकी रीत १९१० ची.

या लाटा म्हणजे हवेतल्याच लाटा असाव्यात, अरोराच्या प्रकाशाने दिसू लागलेल्या, असं त्यांनी मांडलं. ही उंची अडनिडी आहे. तिथे फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत. पण त्या भागाची आणि त्याच्या वरच्या थरांची वागणूक कळणं महाग पडू शकतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले गेले. चुंबकीय वादळाने वरचं वातावरण तापून फुगलं, हवेची ओढ वाढली आणि त्यांतले ४० पर्यंत उपग्रह कक्षेत पोहोचण्याआधीच गेले. वादळ फार मोठंही नव्हतं.

लडाखचा लाल पट्टा

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं ध्रुवाकडचं. आपल्या इथून काय दिसणार? फारसं काही नाही, पण अगदी शून्यही नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड चुंबकीय वादळात अरोरा दिसल्याची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रात आली होती. फोटो अर्थातच नाही. पण मुंबईला तेव्हा दुसरा साक्षीदार होता : कुलाब्याची वेधशाळा. तिथे चुंबकसूचीच्या हालचाली नेमाने नोंदल्या जात. १८५९ च्या सप्टेंबरमधल्या, आजवरच्या सर्वांत गाजलेल्या वादळाची नोंदही कुलाब्याने केली होती. पृथ्वीच्या चुंबकत्वात झालेली ती प्रचंड घट एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर नव्याने अभ्यासून जगासमोर ठेवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूची बिघडेल म्हणून हे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवण्यात आलं. ते अजून तिथे चालू आहे.

आज आपल्याकडे फोटोही आहेत. लडाखमध्ये हानले इथे, सरस्वती पर्वताच्या माथ्यावर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या सर्वाकाश कॅमेऱ्याने एप्रिल २०२३ मध्ये उत्तर क्षितिजावर लाल उजेड टिपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा, आणि मे २०२४ च्या महावादळात आणखी ठळक. लालच का, हे आता तुम्हाला सांगता येईल. हिरवा थर जमिनीपासून १०० किलोमीटरवर असतो. इतक्या दक्षिणेकडून तो पृथ्वीच्या गोलाईआड जातो. लाल थर त्याच्या दुप्पट-तिप्पट उंच, म्हणून त्याचीच झाक दिसते. शास्त्रज्ञांनी हानलेच्या त्या उजेडाला ‘स्थिर लाल कमान’ या प्रकारात धरलं. वादळात चुंबकावरणात साठलेली उष्णता खाली झिरपते, त्यातून ती उमटते.

आता आपल्या हातातल्या फोनबद्दल. रात्रीच्या फोटोत फोन अनेक चौकटी एकावर एक रचतो, रंग गडद करतो, सावल्या उजळतो. डोळ्यांना राखाडी दिसलेला पट्टा स्क्रीनवर किरमिजी होतो. त्यावर फिल्टर चढवला, आभाळच बदलून टाकलं, की लाइक वाढतात आणि साक्ष संपते. शास्त्रज्ञांना हवा असतो तो कंटाळवाणा फोटो : मूळ फाइल, बरोबर वेळ, बरोबर जागा, आणि चौकटीत ओळखता येतील असे दोन-चार तारे.

हानले परिसरात आता तारे बघायला पर्यटक जातात. पुढच्या वादळाच्या रात्री तिथे कुणीतरी फोन वर धरेल. शंभर-दोनशे किलोमीटरवर दुसऱ्या एखाद्या गावात दुसरं कुणीतरी. दोघांनी घड्याळं जुळवली आणि एकाच ताऱ्याकडे रोख धरला, तर लाल कमानीची उंची काढायला लागणारं सगळं साहित्य त्या दोन फोटोंत असेल. स्टर्मरने त्यासाठी डोंगरात टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या.